जर्सी उलटी करून बघा

भरतीची जाहिरात निघाली की आमच्या निपाणीत दोन धंद्यांना बरे दिवस येतात, झेरॉक्सवाल्याच्या आणि माझ्या. त्याच्याकडे दाखले जातात, माझ्याकडे ट्रॅक पॅन्टी येतात. सौंदलगा, अकोळ, जत्राट, कोगनोळीची पोरं पहाटे अंधारातच पळायला लागतात. अग्निवीरच्या मैदानी चाचणीत पैकीच्या पैकी गुण हवेत तर १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे, बीमवर १० पुलअप्स मारायचे, शिवाय ९ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे फौजेची ओढ इथे घराघरात आहे. सरावानं पोराचा दम वाढत जातो. पॅन्टीची शिवण मात्र महिन्याभरात दम सोडते.

मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवलं. आता घराच्या ओसरीवर दुकान आहे, दोन साध्या मशिनी आणि एक ओव्हरलॉक. एवढ्या अनुभवावर माझं म्हणणं मांडते. शाळा, तालमी, क्रीडा मंडळं, ग्रामपंचायती असे जे कोणी खेळाचे कपडे घाऊक घेतात, त्यांनी ऑर्डर देताना कापडाबरोबर शिवणीची अटही कागदावर लिहून द्यावी, आणि माल ताब्यात घेताना तो उलटा करून बघावा. आज हे कुणीच करत नाही, आणि त्याचा भुर्दंड बसतो तो ज्यांना दुसरी पॅन्ट परवडत नाही त्यांना.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पॅन्टींचं कापड धड असतं. गेलेली असते ती शिवण, तीही ठरलेल्या जागी, आसनात. दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी आणि पुढची-मागची शिवण तिथे एका ठिपक्यावर येऊन मिळतात. पोरानं उडीसाठी टांग टाकली की सगळा ताण त्या ठिपक्यावर येतो.

परवाचीच एक काळी पॅन्ट. बाहेरून झकास, बाजूला दोन पांढऱ्या पट्ट्या, मांडीवर मोठं छापील नाव, कापड लुसलुशीत. उलटी केली तर आत तीन दोऱ्यांचं ओव्हरलॉक, बस्स. तीन दोऱ्यांत सुईचा दोरा एकच. दोन कापडं एकमेकांना धरून ठेवतो तो तेवढाच. बाकीचे दोन लूपरचे. ते कडेवर जाळी विणून धागे सुटू देत नाहीत. सुईचा दोरा आसनात तुटला होता आणि तिथून शिवण वीतभर पळाली होती. जी शाबूत होती ती दोन्ही बाजूंनी आडवी ताणून पाहिली, तर मधे दोऱ्यांच्या शिड्या दिसायला लागल्या. माया इतकी कमी ठेवलेली, की पुन्हा शिवायला पकडायचं काय, हा प्रश्न.

चार दोऱ्यांच्या ओव्हरलॉकमध्ये सुया दोन असतात. एक दोरा तुटला तरी दुसरा कापड धरून राहतो आणि पोराला घरी जाईपर्यंत अब्रूनिशी चालता येतं. मग बनवणारे तीनच दोरे का वापरतात? दोऱ्याचा हिशोब. साध्या मशीनच्या टिपेला सेंटिमीटरभर शिवणीमागे पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास दोरा जातो, ओव्हरलॉकला साधारण १४ सेंटिमीटर. म्हणजे ओव्हरलॉक मुळातच दोरा खाणारं काम. तिथे आणखी एक सुई, आणखी एक कोन लावायचा तर एका पॅन्टीमागे किरकोळ खर्च वाढतो, पण हजारोंच्या मालात तो मालकाच्या डोळ्यांवर येतो. बाहेरच्या पट्ट्या काढल्या तर गिऱ्हाईक ओरडेल, आतला दोरा काढला तर कुणाला कळतं?

पोरांच्या आया येतात, त्यांचं एकच सांगणं असतं, ‘अक्का, चांगली डबल टीप मारून द्या की, परत उसवाय नको.’ मी त्यांना नाही म्हणते. ट्रॅक पॅन्टीचं कापड विणीचं असतं, त्यात बहुतेक वेळा लायक्राचा धागा असतो, त्यामुळे ते चहूकडे ताणतं. साध्या मशीनची टीप सरळ आणि घट्ट, तिच्यात ताणायला जागाच नसते. बसता-उठता कापड ताणलं गेलं की टीप कट्‌कन तुटते. एकीच्या दोन मारल्या तर दोन्ही तुटतात. टाके फार जवळजवळ घेतले तर आणखी वाईट, कारण सुईनं पाडलेल्या भोकांच्या रांगेवरून कापडच फाटायला लागतं. उसवलेली शिवण जोडता येते. शिवणीलगत फाटलेल्या कापडाला ठिगळाशिवाय इलाज नाही.

आयांचं म्हणणं कुठून आलं तेही मला कळतं. कुस्तीचा जांगिया शिवायचा तर अशाच ओळीनं टिपा माराव्या लागतात. जाड सुती कापडाचे थर एकावर एक ठेवायचे आणि शिवून घट्ट करायचे, कारण मातीतल्या कुस्तीत जोडीदार जांगिया धरूनच उचलतो. १९१२ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांचं खासबाग मैदान उभं राहिलं. इथून तिथे आणि तिथून बेळगावजवळच्या कडोली-कंग्राळीच्या फडांवर पैलवानांचं जाणं-येणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. जांगियाची शिवण मैदानात सुटणं म्हणजे पैलवानाची फजिती, हे शिवणाऱ्याला माहीत असायचं. ते ज्ञान खरंच आहे, फक्त न ताणणाऱ्या कापडाचं आहे.

आणखी जवळचं उदाहरण द्यायचं तर बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव. २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत तिनं कुराशमध्ये ५२ किलो वजनी गटात कांस्यपदक मिळवलं. कुराश हा खेळच मुळी समोरच्याचं जॅकेट धरून त्याला खाली टाकण्याचा. ती मूळची ज्युदोची खेळाडू, आणि ज्युदोचं जॅकेटही असंच धरण्या-ओढण्यासाठी बनवलेलं असतं. छातीला आणि बाहीला जाड विणीचं कापड, खांद्याला आतून जोड, बाजूच्या चिरेच्या टोकाला पक्की शिवण. हात कुठे पडणार, ओढ कुठे बसणार, याचा विचार करून मगच त्या कपड्यावर सुई चालवलेली असते. कबड्डीच्या जर्सीचा असा विचार कोण करतं? तिथेही धरपकड आहे, तिथेही काखेत शिवण जाते.

ताण कुठे येतो ते बघून तेवढीच जागा पक्की करायची, ही युक्ती जगभरच्या शिंप्यांना सुचली आहे. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली आणि नवऱ्यासाठी लवकर न फाटणारी पॅन्ट मागू लागली. त्यानं खिशांच्या कोपऱ्यांत तांब्याचे रिव्हेट ठोकले. १८७३ मध्ये लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्यानं त्याचं पेटंट घेतलं आणि पुढचा जीन्सचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आज आपण खिशाच्या टोकाला बारटॅक मारतो, म्हणजे दोऱ्याचा तो दाट आडवा टाका, ते त्या रिव्हेटचंच काम करतं.

मग ट्रॅक पॅन्टीला काय करायचं? आसनात शंकरपाळ्याच्या आकाराचा, त्याच ताणणाऱ्या कापडाचा तुकडा घालायचा. जुन्या सदऱ्याच्या बगलेत असायचा तसा. त्यानं चार शिवणींची गाठ एका ठिपक्यावर पडत नाही, ताण वाटला जातो. शिवण चार दोऱ्यांची, दोरा पॉलिएस्टरचा, सुई बॉलपॉइंटची. टोकदार सुई विणीचा धागा कापते. बॉलपॉइंट तो बाजूला सारून आत जाते. खिशांच्या टोकांना बारटॅक. घरी ओव्हरलॉक नसेल तर साध्या मशीनवर बारीक झिगझॅग चालतो, कापड किंचित ताणून धरायचं. एक पथ्य आहे, मजबुतीच्या नावाखाली आत जाडजूड शिवणीची दोरी करून ठेवायची नाही. पळणाऱ्याच्या मांडीला ती घासते, कातडं सोलवटतं. तिथे फ्लॅटलॉकची सपाट शिवणच हवी.

हे झालं एका पॅन्टीचं. खरा प्रश्न घाऊक खरेदीचा आहे. शाळेची क्रीडा समिती बसते, नमुना फिरतो. सगळे कापड चोळून बघतात, हल्ली जीएसएम, म्हणजे कापडाचं वजनही विचारतात. मग अर्धा तास चर्चा नावाच्या अक्षरांवर आणि देणगीदाराचा फोटो पाठीवर घ्यायचा की छातीवर, यावर. नमुना उलटा करायचं कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून माझी मागणी आहे की कोटेशनच्या कागदावर चार ओळी जास्त लिहा: चार दोऱ्यांचं ओव्हरलॉक, आसनात जोड, खिशांना बारटॅक, आणि तीन महिन्यांत शिवण उसवली तर पुरवठादारानं फुकट शिवून द्यायची. शेवटची अट घातली की पहिल्या तीन आपोआप पाळल्या जातात.

यावर उत्तर येतं की दर वाढतील. थोडे वाढतील. पण वर्षात दोनदा पॅन्ट घेणारा बाप तो फरक आजच भरतोय, फक्त तो समितीच्या वहीत दिसत नाही. दुसरं म्हणतात, पोरं वाढतात, वर्षात पॅन्ट आखूड होते, टिकवून करायचं काय? त्यांनी आमच्याकडच्या घरात येऊन बघावं. थोरल्याची पॅन्ट धाकट्याकडे, धाकट्याची मामाच्या पोराकडे जाते. आणि मुलींच्या बाबतीत तर हा पैशाचा प्रश्नच राहत नाही. खो-खोच्या एका सामन्यात एका मुलीची पॅन्ट पाटीवरून उठताना उसवली. कमरेला ओढणी बांधून ती बाहेर आली, ती पुढे मैदानावर गेलीच नाही. तिची आई ती पॅन्ट घेऊन माझ्याकडे आली होती. मी ती नीट शिवून दिली. पोरीनं ती पुन्हा घातली नाही.

थोडी जबाबदारी घरातही आहे. लायक्राला गरम पाणी आणि कडक ऊन सोसत नाही. दगडावर आपटून, पिळे देऊन धुतलं आणि पावसाळ्यात वाळत नाही म्हणून चुलीवर धरलं, तर कापडाचा ताण मरतो आणि सगळा भार शिवणीवर येतो. गार पाण्यात धुवून सावलीत वाळवा.

राहिला प्रश्न शिवणार कोण. तिरुपूर-लुधियानाचा माल येतो तो येऊ दे, पण शंभर-दोनशे जर्सींची ऑर्डर निपाणी-बेळगावातच पुरी व्हायला काय हरकत आहे? माझ्याकडे शिकायला आलेल्या कितीतरी मुलींच्या आयांनी तंबाखूच्या वखारीत धूळ खात आयुष्य काढलं. या मुलींना ते नको आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी आहेत, अवजारांसाठी १५,००० रुपयेही आहेत. पण आमच्याकडचं शिक्षण अजून ब्लाउज, पिको आणि फॉल यांतच घुटमळतंय. ताणणाऱ्या कापडावर हात बसवायला वेगळी सुई, वेगळी मशीन आणि वेगळा सराव लागतो. घरटी एक साधी मशीन वाटण्यापेक्षा पाच-सात जणींच्या बचत गटाला चार दोऱ्यांचं एक ओव्हरलॉक आणि एक फ्लॅटलॉक द्या. पुरवठादार गावातला असला की उसवलेली पॅन्ट परत न्यायला पत्ता तरी असतो.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. खडेबाजारात घ्या नाहीतर आठवड्याच्या बाजारात, पैसे द्यायच्या आधी पॅन्ट उलटी करा. आसनातल्या शिवणीचे दोरे मोजा. आडवी ताणा, शिड्या दिसतात का बघा. उभी ताणा, कट्‌कट् आवाज आला तर खाली ठेवा. दुकानदार म्हणेल, ‘वैनी, ताणून खराब करू नका.’ त्याला सांगा, दोन हातांनी ताणून जी खराब होते, ती ९ फुटांच्या खड्ड्यावर काय टिकणार?