चावण्यापूर्वी कुत्रा सांगतो!

कुत्रा चावलेल्या मुलाला घेऊन दवाखान्यात येणाऱ्या पालकांचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते, "डॉक्टर, काही कारण नसताना चावला हो!" माझे मत थोडे वेगळे आहे. पिसाळलेले जनावर सोडले, तर कुत्रा सहसा आधी सूचना देतो. आपल्याला ती वाचता येत नाही.

तोंड फिरवणे, वारंवार ओठ चाटणे, अंग ताठ करणे, शेपूट पोटाखाली ओढून घेणे, या साऱ्याचा अर्थ 'मला एकटे सोडा' असा. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हा समजही अपुरा आहे. अंग सैल असेल तर मैत्री. अंग ताठ आणि उभी शेपूट जेमतेम हलत असेल तर सावध राहावे. घोड्याने कान मागे चिकटवले की तो चिडला समजावे. त्याला अगदी पाठीमागचे दिसत नाही. म्हणून माथेरानला गेल्यावर मुलांना घोड्याच्या मागून जाऊ देऊ नये.

जनावरेही आपल्याला वाचत असतात. बर्लिनचा 'हान्स' हा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देई. तो गणित करत नसून विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी हालचाल पाहून थांबतो, हे १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले. इतकी बारीक हालचाल टिपणाऱ्या जनावरासमोर आपण धावतो, ओरडतो, डोळे वटारतो! अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये. हात अंगाशी, नजर खाली, असे झाडासारखे उभे राहावे.

आपण मुलांना कुत्र्याला दगड मारायला शिकवतो, हे शिकवत नाही. शाळांनी वर्षातून एक तास यासाठी द्यावा. २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन त्याला सोयीचा आहे.

आणि चावलाच तर? जखमेवर हळद, चुना, मिरची लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातल्या १४ इंजेक्शनांची भीती सोडा. ती केव्हाच बंद झाली, आता लस दंडात देतात. रक्त आले असेल तर जखमेत टोचायचे वेगळे औषधही लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र खात्रीचा उपाय आजही नाही.