मुलाची मिळकत, बापाच्या जिवावर

बिटकॉइन आणि त्यासारखी आभासी चलने घ्यावीत की नाही, हा वाद आज आम्हाला घालायचा नाही. ज्यांना घ्यायची ते घेत आहेत, आणि त्यांत आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून पुण्या-बंगळुरूला गेलेली मुलेही आहेत. आम्हाला काळजी आहे ती घरी राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांची.

बँकेतला पैसा कोणी सुरा दाखवून मागितला, तरी मध्ये मर्यादा असते, व्यवस्थापक असतो, खाते गोठवता येते. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. क्रिप्टोची किल्ली म्हणजे बहुधा बारा किंवा चोवीस शब्द. ते वदवून घेतले की काही मिनिटांत सारे जाते, आणि गेलेले परत आणून देणारे कार्यालय कुठेच नाही. संगणक फोडण्याची गरजच काय? माणूस धरला की पुरते.

फ्रान्समध्ये २०२५ साली हेच घडले. या किल्ल्या जपणारी उपकरणे बनवणाऱ्या 'लेजर' कंपनीचे सहसंस्थापक डेव्हिड बालाँ यांना जानेवारीत पत्नीसह पळवून त्यांचे बोट कापले गेले. मे महिन्यात पॅरिसमध्ये एका क्रिप्टो व्यावसायिकाच्या वडिलांना उचलले, त्यांचेही बोट कापले. त्याच महिन्यात दुसऱ्या एका कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीला भर रस्त्यात गाडीत कोंबण्याचा प्रयत्न झाला. धन एकाचे, आणि हात घातला तो घरच्यांवर.

फ्रान्स लांब वाटत असेल त्यांनी शेजारच्या गुजरातेकडे पाहावे. सुरतेच्या एका बिल्डरला २०१८ मध्ये बिटकॉइनसाठी पळवल्याबद्दल ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयाने चौदा जणांना जन्मठेप दिली. त्यांत एक माजी आमदार, अमरेलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक आणि बरेचसे पोलीसच! पिंपरी-चिंचवडमध्ये २०२२ साली ३०० कोटींच्या क्रिप्टोसाठी झालेल्या अपहरणात मुख्य आरोपी म्हणून पकडला गेलेला शिपाई पूर्वी सायबर शाखेत होता.

आता आपल्या गावाकडे येऊ. अमेरिकेच्या 'कॉइनबेस'च्या सुमारे ६९ हजार ग्राहकांची माहिती फुटली, ती लाच घेतलेल्या ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांमार्फत, असे कंपनीनेच मे २०२५ मध्ये सांगितले. तिचे काम करणाऱ्या इंदूरच्या एका कॉल सेंटरातली कर्मचारी पडद्याचे फोटो काढताना सापडल्याच्या बातम्या पुढे आल्या. नाव, पत्ता आणि खात्यातली शिल्लक, सारे एकाच गाठोड्यात. दरोडेखोराला आणखी काय हवे?

सरकार २०२२ पासून या नफ्यावर ३० टक्के कर घेते आणि मार्च २०२३ पासून प्रत्येक ग्राहकाची ओळख नोंदवून ठेवायला लावते. तक्रार नाही, काळ्या पैशाला आळा हवाच. पण या याद्या जपायच्या कोणी? विदासंरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची सवलत मिळाली. दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारजमा. ज्याचा पत्ता फुटला त्याच्या पदरात काही नाही. आपल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा, अशी मागणी मंडळाने लेखी केली पाहिजे.

मुलांनीही आपले पाहावे. मोठी रक्कम एका फोनवर ठेवू नये. दोन-तीन ठिकाणच्या दोन-तीन माणसांच्या सह्या लागतील अशी सोय क्रिप्टोत करता येते, ती करावी, आणि लग्नाच्या पंगतीत आकडे सांगू नयेत.

राहिली आपली परिचय पुस्तिका. चिरंजीवांचा हुद्दा, कंपनी, वार्षिक उत्पन्न आणि खाली राहत्या घराचा पत्ता, असे सारे आपण हौसेने छापतो. पुढच्या आवृत्तीत उत्पन्न आणि पत्ता दोन्ही गाळावेत, स्थळ पाहणाऱ्यांनी ते कार्यालयातून विचारून घ्यावेत, असे आमचे मत आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी वार्षिक सभेत ती जरूर मांडावी.