दुकानाचा हिशेब ढगात ठेवावा काय?



मागच्या अंकात आम्ही मधुमेहात पायांची काळजी कशी घ्यावी ते लिहिले होते. या वेळचा विषय औषधपाण्याचा नाही, धंद्याचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांची छोटी मकोलेत आहे, कोणी जेवणाच्या ऑर्डरी घेतो, कोणी वायरिंगची कामे करतो. आता मुले-सुना धंदा बघू लागल्या आहेत आणि घरोघरी एकच वाद ऐकू येतो. मुलगा म्हणतो, "हिशेब क्लाउडवर टाकू या." वडील म्हणतात, "दर महिन्याला पैसे भरायचे आणि हातात वस्तू काहीच नाही? हा कसला व्यवहार!" दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणून म्हटले, नीट समजून घेऊ या.

बाळांनो, क्लाउड म्हणजे ढग. पण हा ढग आकाशात नसतो हं! तो जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालतात. त्यांना अखंड वीज लागते आणि थंड हवा लागते. आपल्या इस्राएलातही गूगलने २०२२ साली आणि अमेझॉनने २०२३ साली अशी केंद्रे सुरू केली. आपण घरच्या संगणकावरून किंवा फोनवरून इंटरनेटने त्या संगणकांवर काम करतो आणि त्याचे महिन्याला किंवा वर्षाला भाडे देतो.

आजी-आजोबांना हे समजायला कठीण नाही. कोकणात आपल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत. गावात प्रत्येकाच्या घरी काही घाणा नव्हता. घाणा तेल्याचा, बैल तेल्याचा, दुरुस्तीही त्याचीच. लोकांना हवे असायचे तेल, घाणा नव्हे. क्लाउडचेही तसेच आहे.

पूर्वी सॉफ्टवेअर खोक्यातून विकत मिळायचे. चकती घालायची, संगणकावर चढवायचे, आणि दोन-तीन वर्षांनी जुने झाले की नवे घ्यायचे. १९९९ साली अमेरिकेत सेल्सफोर्स नावाची कंपनी निघाली. तिने ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून वर्गणीने द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने २०११ साली ऑफिस ३६५ आणले. २०१३ साली अडोबीने जाहीर केले, की फोटो आणि छपाईच्या कामाची आमची नवी सॉफ्टवेअरे यापुढे वर्गणीनेच मिळतील. आपल्या चेन्नईची झोहो कंपनीसुद्धा याच धंद्यात नाव काढून आहे.

आता फायदे बघू.

पहिला फायदा, एकदम मोठी रक्कम काढावी लागत नाही. समजा, सॉफ्टवेअर विकत ३,००० शेकेलला पडते आणि वर्गणी महिन्याला ८० शेकेल आहे. नवा धंदा काढणाऱ्याला ८० शेकेल झेपतात. पण वडिलांचेही ऐका. तीन वर्षे आणि वर एक-दोन महिने झाले, की वर्गणीचा खर्च विकतच्या किमतीपुढे जातो. मग जास्तीचे पैसे कशाचे? ते पुढच्या गोष्टींचे.

दुसरा फायदा, बदल आपोआप होतात. १ जानेवारी २०२५ला इथला माम, म्हणजे विक्रीवरचा कर, १७ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. क्लाउडच्या सॉफ्टवेअरमध्ये असा बदल कंपनीच करते. शिवाय मे २०२४पासून मोठ्या रकमेच्या हेश्बोनीतवर कर खात्याचा मंजुरीचा नंबर लागतो. सुरुवात २५,००० शेकेलच्या वरच्या बिलांपासून झाली, २०२५ साली मर्यादा २०,००० वर आली, आणि ती टप्प्याटप्प्याने खाली आणायचे ठरले. नंबर नसला तर घेणाऱ्या व्यापाऱ्याला भरलेला माम वजा करून मिळत नाही. हा नंबर कर खात्याकडून हाताने मागवता येतो, पण खात्याशी जोडलेले सॉफ्टवेअर तो बिल करतानाच आणून देते.

तिसरा फायदा, माणसांप्रमाणे पैसे. सणासुदीला दोन जादा माणसे ठेवली तर दोन महिन्यांपुरती त्यांची वर्गणी भरा, मग बंद करा.

चौथा फायदा आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. दुकानातला संगणक चोरीला गेला, जळाला, किंवा, देव न करो, इमारतीवर क्षेपणास्त्र पडले, तरी हिशेब वाचतो. जून २०२५मध्ये बेर-शेवाच्या सोरोका हॉस्पिटलवर क्षेपणास्त्र पडले, हे आपण सर्वांनी पाहिले. आणि नुकसान काही फक्त आगीने होत नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये हदेराच्या हिलेल याफे हॉस्पिटलचे संगणक खंडणीखोरांनी बंद पाडले आणि तिथल्या लोकांनी कागद-पेनावर काम चालवले. आम्ही नर्सिंग केलेली माणसे. पेशंटचा कागद हरवला म्हणजे काय होते ते आम्हाला ठाऊक आहे. धंद्याचा कागद हरवला तर धंदाही तसाच आजारी पडतो.

आता पथ्य सांगतो, कारण औषध तिथे पथ्य.

इंटरनेट बंद पडले तर काम अडते. वर्गणी थकली तर दार बंद होते. भाव वाढवणे कंपनीच्या हाती असते. आणि ढगालाही आग लागते बरं का! १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग गावी ओव्हीएच कंपनीची अशी एक इमारत जळाली. ज्यांनी दुसरी प्रत ठेवली नव्हती, अशा काही ग्राहकांची माहिती कायमची गेली. म्हणून महिन्यातून एकदा हिशेबाची प्रत उतरवून आपल्या घरी ठेवावी. सही करण्यापूर्वी विचारावे, "आम्ही सोडून गेलो तर आमच्या नोंदी आम्हाला कोणत्या रूपात परत मिळतील?" उत्तर गुळमुळीत आले तर दुसरा तेली शोधावा.

आणि शेवटची, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पासवर्ड एकट्या मुलाकडे किंवा एकट्या वडिलांकडे ठेवू नका. पाळी बदलताना नर्स पुढच्या नर्सला सगळे सांगून जाते. एक माणूस गेला म्हणून वॉर्ड थांबत नाही. तसेच दुकानाचे. घरातल्या दोघांना आत शिरता आले पाहिजे. फोनवर येणारा सांकेतिक आकडा मात्र कोणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतो म्हणाला तरी नाही.

तेव्हा आजोबांनो, वही लगेच टाकू नका. तीन महिने दोन्ही चालवा, वही आणि क्लाउड. महिन्याच्या शेवटी नातवाला शेजारी बसवून दोन्हींचा मेळ घाला. आकडे जुळले तर पुढे जा. नातवाला धंदा कळेल, तुम्हाला संगणक कळेल.

पुढच्या अंकात उन्हाळ्यात पाणी किती प्यावे त्याविषयी लिहू. तोवर तब्येतीला जपा.