वैमानिकांची युनियन आणि आपली नोकरी

एव्हरशाईन सिटीतून पहाटे रिक्षा पकडून वसई रोड स्टेशन गाठणाऱ्यांत विमानतळावर कामाला जाणारी आपली माणसेही असतात. कोणी विमानात सामान चढवतो, कोणी साफसफाई करतो, कोणी काउंटरवर असतो. विमान चालवणारा मात्र साहेब! त्याचा पगार लाखात, त्याला युनियन कशाला, असे आपल्याला वाटते. पण वाचकहो, मुंबईत २००९ साली काय घडले ते पाहा.

जेट एअरवेज ही मुंबईची खाजगी कंपनी होती. ऑक्टोबर २००८ मध्ये तिने सुमारे १,९०० कर्मचारी कमी करायचे ठरवले. ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. पुढच्या वर्षी तिच्या वैमानिकांनी 'नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड' ही संघटना स्थापून तिची कायदेशीर नोंदणी केली. कंपनी ही संघटना मानायला तयार नव्हती. थोड्याच दिवसांत संघटनेच्या दोन पुढाऱ्यांना कामावरून काढण्यात आले. युनियन काढली म्हणूनच ही शिक्षा, असे वैमानिकांचे म्हणणे होते.

संपाची नोटीस दिली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली. तेव्हा ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. शेकडो उड्डाणे रद्द झाली, प्रवाशांचे हाल झाले. कंपनीने आणखी काही जणांना काढले. पाचेक दिवसांनी तोडगा निघाला आणि काढलेल्यांना परत घ्यायचे ठरले.

यात समजून घेण्यासारखी गोष्ट एकच. १९२६ च्या कायद्याने युनियनची नोंदणी करता येत होती, पण मालकाने तिला मान्यता द्यावी अशी सक्ती त्या कायद्यात नव्हती. ही उणीव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी ओळखली होती. संपावर बंधने घालणाऱ्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात ते आघाडीवर होते. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी मालकांवर युनियनच्या मान्यतेची सक्ती करणारे बिल केंद्रीय कायदेमंडळात मांडले. १९४७ साली तसा कायदा झालाही, पण तो कधी अमलात आला नाही.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एका ठिकाणी अनेक युनियन असल्या तर ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला वाटाघाटीचा हक्क तिने दिला. पण संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तरी तो संपच धरला जातो. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने आवळले!

वैमानिक पाच दिवस घरी बसू शकला, कारण त्याच्या जागी लगेच दुसरा मिळत नाही. ठेकेदाराकडच्या लोडरचे तसे नाही. तो एकटा बसला तर दुपारपर्यंत त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. म्हणून युनियनची गरज साहेबापेक्षा आपल्याला अधिक आहे.

नेमणूकपत्र, पगाराची पावती, पी.एफ.चा नंबर आणि ओळखपत्राची झेरॉक्स घरात एका पिशवीत जपून ठेवा. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता राजीनाम्यावर सही करू नका. युनियनचा सभासद झाला म्हणून कामगाराला काढणे ही जुन्या आणि नव्या, दोन्ही कायद्यांत अनुचित कामगार प्रथा आहे. तसे झाले तर वेळ न दवडता युनियनमार्फत कामगार आयुक्तांकडे तक्रार करा. दोन वर्षे उलटली तर ती दारे बंद होतात.

आणि माता-भगिनींनो, घरचा माणूस महिन्याला युनियनची वर्गणी भरतो, त्याला फुकटचा खर्च म्हणू नका. त्याच्यावर पाळी आली तर चार माणसे त्याच्या बाजूने उभी राहतील, ती त्याच वर्गणीतून.