शिक्षा गप्प बसण्याला हवी

३० जून २०२५ रोजी आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातल्या विद्यादीप बालगृहातून नऊ मुली पळाल्या. छळाच्या तक्रारी बाहेर आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर अजिंठ्यात झालेल्या आमच्या बैठकीत, लेकीला वसतिगृहात ठेवून मजुरीला जाणाऱ्या एका बाईने विचारलं, "ताई, अशी संस्था बंद केली तर पोरींनी जायचं कुठं? आणि चालवणाऱ्यांचं काय होतं?"

प्रश्न नेमका होता. संस्थेला कुलूप लागतं, मुलींची दुसरीकडे रवानगी होते. म्हणजे घर पुन्हा मुलींचंच मोडतं.

कायद्यात शिक्षा नाही असं नाही. हाताखालच्या माणसाने केलेला लैंगिक गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर 'पॉक्सो'च्या कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. मुलं ज्यांच्या हवाली केली त्या संस्थेच्या चालकांनी वा कर्मचाऱ्यांनी त्यांचा छळ केला किंवा जाणूनबुजून हेळसांड केली, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

पण हे कलम लागतं कधी? बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यानंतर शाळेच्या विश्वस्तांवर कलम २१ लागलं. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरील अत्याचार ठाऊक असून कळवला नाही, असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. न कळवणं हाच गंभीर गुन्हा आहे, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला.

काहीजणी म्हणतात, शिक्षा कडक केली की संस्था आणखी लपवतील. ही भीती खोटी नाही. मीही संस्थेत नोकरी केली आहे. 'बाहेर बोलू नका, अनुदान जाईल' हे वाक्य मी ऐकलं आहे. म्हणूनच शिक्षेचा रोख नीट ठरवायला हवा. जी संस्था पहिल्याच दिवशी स्वतः पोलिसांत जाते, तिला साथ द्यावी. जी दडपते, तिच्या अध्यक्ष-सचिवांना व्यक्तिशः जबाबदार धरावं. नुसत्या अधीक्षिकेला वा शिपायाला पुढे करून भागणार नाही. दंडाची रक्कम मुलींच्या शिक्षणाला मिळावी. मुलींना हलवण्याआधी त्यांना विचारावं.

आणि तपासणीचं काय? तीन महिन्यांतून किमान एकदा, किमान तिघांच्या पथकाने बालगृहाला भेट द्यावी, त्यात एक बाई आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा, असं कायदाच सांगतो. आपल्या तालुक्यात शेवटची भेट कधी झाली, मुलींशी एकांतात कोण बोललं, हे माहिती अधिकाराचा अर्ज टाकून विचारू या. तपासणी न करणारा अधिकारीही हेळसांडच करतो, त्यालाही जाब द्यावा लागेल.

नऊ मुलींना भिंतीवरून उडी मारावी लागली की नाही, हा तपशील महत्त्वाचा नाही. त्यांना पळावं लागलं, एवढं पुरे आहे. पुढच्या मुलीला दारातूनच येऊन बोलता यावं, ही जबाबदारी आपलीही आहे.