उभी राहिलेली गाडी अडखळते? पार्ट बदलण्याआधी तपासणीचे पैसे द्या



सेकंड-हँड पिकअप घेऊन धंदा सुरू करायचाय, किंवा घरचीच जुनी गाडी दोन वर्षं शेडमध्ये उभी आहे ती बाहेर काढायचीय, असं तुमच्यापैकी बरेच जण सांगतात. आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "सर, गाडी चालू होते, पण पिकअप घेत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की अडखळते. मेकॅनिक म्हणतो पंप-नोझलचं काम आहे. करू का?"

माझं स्पष्ट मत सांगतो. लगेच करू नका. आधी तपासणी करून घ्या आणि त्या तपासणीचे वेगळे पैसे द्या. असं का म्हणतो, ते माझ्याच चुकीवरून सांगतो.

माझे 34 हजार कुठे गेले

ट्रेनिंगमध्ये येण्याआधी माझा फरसाणचा होलसेल धंदा होता. 2011 चं मॉडेल असलेली डिझेल पिकअप होती. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली, ती थेट सप्टेंबर 2021 मध्ये बाहेर काढली. दिवाळी 4 नोव्हेंबरला होती. आमच्या धंद्यात वर्षाची कमाई त्या पाच-सहा आठवड्यांत होते, हे वेगळं सांगायला नको.

नवीन बॅटरी टाकली, ऑइल बदललं. गाडी चालू झाली, पण सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागायचा. रिकामी गाडी बरी चालायची. माल भरून चढ लागला की तिसऱ्या गिअरला गुदमरायची, झटके द्यायची. गॅरेजवाल्याने पाच मिनिटं रेझ करून पाहिली आणि म्हणाला, "पंप-नोझल गेलेत." मीही घाईत होतो. म्हटलं, "करून टाका."

अकरा दिवस आणि 34 हजार रुपये. गाडी हातात आल्यावर दोन दिवस मस्त चालली. तिसऱ्या दिवशी परत तेच झटके!

मग एका जुन्या फिटरकडे गेलो. त्याने पान्याला हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारले. किती दिवस उभी होती? त्रास सकाळी जास्त होतो की गरम झाल्यावर? धूर कसला येतो? नंतर त्याने डिझेल लाइनमध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू केलं. नळीत बुडबुडे दिसले. टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपजवळ तडकला होता आणि तिथून हवा ओढली जात होती. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून बाटलीत डिझेल काढलं, तर खाली बोटभर पाणी.

पाइप, दोन क्लिपा आणि नवीन फिल्टर मिळून बाराशेच्या आत खर्च आला. तपासणीचे किती, विचारलं तर म्हणाला, "त्याचे काय पैसे घ्यायचे?" मी पाचशे रुपये त्याच्या खिशात कोंबले. पण तोवर दिवाळीची एक मोठी ऑर्डर हातची गेली होती. तो दुकानदार परत आला नाही. 34 हजारांपेक्षा ते जास्त लागलं.

उभ्या गाडीत नेमकं काय होतं

वापरात असलेली गाडी बिघडते ती झिजून. उभी गाडी बिघडते ती सुकून, गंजून, तुंबून. हा फरक डोक्यात ठेवला तर निम्मं काम होतं.

टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या हवेतल्या दमटपणाचं पाणी होतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, बुळबुळीत गाळ तयार होतो आणि जाळी, फिल्टर तुंबतो. रबरी पाइप सुकून तडकतात. टाकी आणि फीड पंप यांच्यामधला पाइप हा ओढणारा पाइप असतो. म्हणून तिथे चीर पडली तरी बाहेर डिझेल गळताना दिसेलच असं नाही. हवा आत शिरते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. दोन दिवस चांगली का चालली? कारण काम करताना लाइनमधली एअर काढली होती. मूळ भोक तसंच राहिलं.

पेट्रोल किंवा सीएनजीची छोटी गाडी असेल तर जुनं पेट्रोल उडून चिकट होतं. सीएनजीच्या बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात, त्यामुळे तिथेही आधी शिळं पेट्रोल बाहेर काढा.

स्वस्ताकडून महागाकडे: हा क्रम सोडू नका

1. चाकं मोकळी आहेत का? हसू नका. उभ्या गाडीचे ब्रेक आणि हँडब्रेक धरून बसतात. गाडी ओढत नाही, तर आपण इंजिनला दोष देतो. दोन-तीन किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर दोष तिथे आहे.

2. एअर फिल्टर उघडा. उंदरांना ती जागा फार आवडते. चिंध्या, गवत, काय वाटेल ते निघतं. तिथेच कुरतडलेली वायरिंग आणि फाटलेला टर्बोचा पाइपही बघून घ्या.

3. टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. गाडी सुधारली तर टाकीत हवा जाण्याची वाट बंद आहे. कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं तरी ती वाट बुजते.

4. फिल्टरमधलं पाणी काढा, फिल्टर बदला. जुनं डिझेल बाटलीत घेऊन थोडा वेळ स्थिर ठेवा. पाणी खाली बसलेलं दिसेल.

5. पारदर्शक नळीत बुडबुडे बघा. हे काम फिटरकडूनच करून घ्या, आणि फक्त टाकीकडच्या कमी दाबाच्या लाइनवर.

6. कॅनवर चालवून बघा. टाकीऐवजी स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून इंजिन चालवायचं, रिटर्नचा पाइपही त्याच कॅनमध्ये. गाडी नीट चालली तर दोष टाकीत किंवा पाइपात. तरीही अडखळली तर पुढे जा.

7. बॅटरी आणि अर्थिंग. इंजिन बंद असताना चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चालू असताना 14 च्या आसपास. गंजलेली अर्थिंगची वायर सेन्सरवाल्या गाडीला वेड लावते.

8. आता पंप, नोझल, ईजीआर, टर्बो. इथे महागडं काम सुरू होतं, म्हणून शेवटी.

धुरावरूनही अंदाज येतो. अडखळताना काळा धूर असेल तर बहुतेक हवा कमी पडते. धूर नाही आणि दमही नाही, तर डिझेल पोचत नाही.

कॉमन रेल गाडी असेल तर स्कॅनर जरूर लावा. पण "रेल प्रेशर कमी" असा कोड आला म्हणजे पंपच गेला, असं नसतं. तुंबलेल्या फिल्टरनेही तोच कोड येतो. आणि एक सूचना: कॉमन रेलची हाय प्रेशर लाइन चालू इंजिनवर कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडीत घुसते.

"मला काय गरज? मेकॅनिक आहे ना!"

हा प्रश्न मला नेहमी येतो. बरोबर आहे, पाना तुम्ही धरायचा नाही. पण खिसा तुमचा आहे.

मी त्या पहिल्या गॅरेजवाल्याला चोर म्हणत नाही. आपणच त्याला तसं शिकवलंय. पार्ट बदलला तर आपण पैसे देतो. तासभर डोकं लावून "काही बदलायची गरज नाही" असं त्याने सांगितलं, तर "मग कसले पैसे?" म्हणून वाद घालतो. मग तो पार्टच बदलणार ना? डॉक्टरला तपासणी फी देतो, वकिलाला सल्ल्याची देतो, मग मेकॅनिकच्या डोक्याची किंमत शून्य का?

म्हणून गॅरेजमध्ये गेल्या गेल्या हे बोला: "दादा, तपासणीचे पाचशे-सातशे वेगळे घ्या. काय काय तपासलं आणि काय सापडलं ते दाखवा. काम नंतर ठरवू." चांगला मेकॅनिक याने खूश होतो. जो चिडतो, त्याच्याकडे गाडी ठेवायची की नाही ते तुम्हीच ठरवा.

आणि गाडी अजून विकत घ्यायची असेल तर सौदा करण्याआधी हीच तपासणी करा. थंड इंजिनवर सेल्फ मारून बघा, माल भरून चढावर चालवा. मालकाने आधीच गरम करून ठेवलेली गाडी पाहून टोकन देऊ नका. विमा, पीयूसी आणि फिटनेसची तारीखही बघा. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो.

नवीन धंद्यात भांडवल थोडं असतं आणि पहिला सीझन एकदाच येतो. ते पैसे अंदाजावर उडवू नका. माझे उडाले, म्हणून एवढं सांगतोय.

गाडी शेडमधून या आठवड्यात काढणार असाल तर वरचा क्रम कागदावर लिहून डॅशबोर्डमध्ये ठेवा. गॅरेजला जाताना तो कागद सोबत न्या.