चोर कोण, साव कोण?

'मॅकेनाज गोल्ड' हा १९६९ सालचा चित्रपट अमेरिकेत फारसा चालला नाही. आपल्या देशात मात्र त्याने अमाप गर्दी खेचली. घोडदौड, दरोडेखोर आणि सोन्याची दरी यांवरच आपण खूष झालो. परंतु या चित्रपटात एक प्रश्न दडलेला आहे.

ओमर शरीफने रंगविलेला कोलोरॅडो हा उघड उघड दरोडेखोर. सोने मिळाले की पॅरिसला जाऊन चैन करावी, एवढेच त्याचे स्वप्न. पण सोन्याचा सुगावा लागताच गावातले दुकानदार, धर्मोपदेशक, संपादक असे प्रतिष्ठितही वाटेकरी व्हायला धावतात. लष्करातला सार्जंट टिब्स तर आपल्याच शिपायांना गोळ्या घालून टोळीत शिरतो. आणि ज्या अपाचींच्या भूमीत हे सोने आहे, त्यांना कोणीच विचारीत नाही! मग दरोडेखोर म्हणायचे कोणाला?

हा प्रश्न आपल्या इतिहासातही आहे. सुरतेहून हजिऱ्याकडे निघाले की इच्छापोर लागते आणि त्यापलीकडे सुवाळीचा किनारा. तेथे इंग्रजांची जहाजे नांगर टाकीत. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडनने या जहाजांवरचे खलाशी बोलावून वखार राखली. कंपनीच्या कागदांत महाराज 'बंडखोर' ठरले. पुढे १७५७ मध्ये, प्लासीनंतर, त्याच कंपनीने मुर्शिदाबादचा खजिना नावा भरभरून कलकत्त्याला नेला. तिच्या दप्तरी मात्र ती 'भरपाई' आणि 'नजराणे' झाले. लेखणी तिच्याच हाती होती ना!

म्हणून आपणही अर्धाच हिशेब मांडू नये. सुरतेत पेढ्या फुटल्या, घरे जळाली. सुरतकरांचे ते दुःख खरे होते. सुभेदार इनायतखान त्यांना सोडून किल्ल्यात दडून बसला, हेही खरे. शाइस्तेखानाच्या फौजेने आधीची तीन वर्षे मराठी मुलूख तुडविला होता, हेही तितकेच खरे. सुरतेचे धन कोणा टोळीप्रमुखाच्या चैनीसाठी गेले नाही, ते राज्य उभारण्याच्या कामी आले. कोलोरॅडो आणि महाराज यांच्यातला भेद येथे आहे, आणि तो सांगण्यासाठी सुरतकरांचे दुःख लपविण्याची गरज नाही.

तेव्हा मित्रहो, कोणाला चोर वा साव म्हणण्यापूर्वी धन कोणाचे, ते नेले कशासाठी आणि हकिकत लिहिली कोणी, एवढे विचारून घ्यावे.